उभं न राहिलेलं कुंपण : वुडस्टॉक १९६९च्या वारशाचा एक प्रकरण अभ्यास

बुधवार, १३ ऑगस्ट १९६९. न्यूयॉर्क राज्यातल्या बेथेल गावात मॅक्स यासगर नावाच्या दूध उत्पादकाच्या कुरणावर रंगमंच उभारण्याची धांदल चालली होती. वुडस्टॉक नावाचा तीन दिवसांचा संगीत महोत्सव शुक्रवारी सुरू व्हायचा होता. रंगमंच अपुरा होता, तिकीटखिडक्या उभ्या राहिल्या नव्हत्या, कुंपण कुठे होतं, कुठे नव्हतं. समोरच्या उतारावर हजारो पोरं-पोरी आधीच पथाऱ्या पसरून बसल्या होत्या. आयोजकांकडे जेवढी माणसं आणि जेवढे तास उरले होते, त्यात एकच काम धड होणार होतं: रंगमंच किंवा कुंपण. कुंपण झालं नाही तर तिकिटाचा पैसा बुडणार. रंगमंच झाला नाही तर एवढा लोक जमवून करायचं काय? त्यांनी रंगमंच पुरा केला.

वुडस्टॉक म्हटलं की संगीत, अमली पदार्थ, लांब केस आणि चिखल एवढंच बहुतेक वेळा समोर येतं. मला हे प्रकरण त्या कुंपणापासून वाचावंसं वाटतं. जगाने या तीन दिवसांचं जे काही जपून ठेवलं, त्यातलं बहुतेक सगळं त्या अर्धवट राहिलेल्या कुंपणातून आत आलं. पुढच्या पन्नास वर्षांत हाच सोहळा पुन्हा घडवायचे जे प्रयत्न झाले, ते कुठे आणि का फसले हेही त्याच जागी उभं राहून पाहिलं की स्पष्ट दिसतं.

हातून गेलेला महिना

आयोजक चौघे, चौघेही तिशीच्या आतले. मायकल लँग आणि आर्टी कॉर्नफेल्ड संगीताच्या व्यवसायातले; जॉन रॉबर्ट्स आणि जोएल रोझनमन भांडवल घालणारे. रॉबर्ट्सला घरच्या औषध कंपनीची मिळकत वारशाने आली होती. मूळ बेत होता वुडस्टॉक गावात ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ काढण्याचा. हे गाव विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चित्रकार-कारागिरांची वसाहत म्हणून नावाजलेलं, आणि बॉब डिलन तिथे राहायला आल्यापासून तर सगळ्यांचंच लक्ष तिकडे लागलेलं. स्टुडिओ मागे पडला, संगीत महोत्सव पुढे आला, आणि नाव तेवढं चिकटून राहिलं. प्रत्यक्ष कार्यक्रम झाला तो वुडस्टॉकपासून सुमारे सत्तर किलोमीटरवर. ज्या गावाच्या नावाने हा सोहळा अजरामर झाला त्या गावात तो झालाच नाही, आणि डिलनही त्यात गायला नाही.

आधी जागा ठरली होती वॉलकिल या गावी. तिथले लोक बिथरले. जुलैच्या सुरुवातीला गावाने नियम केला की पाच हजारांहून जास्त माणसं जमणार असतील तर परवाना हवा. १५ जुलैला परवानगी नाकारली. कागदावरचं कारण असं की तात्पुरती शौचालयं गावच्या नियमांत बसत नाहीत. नियम मोडत होता हे खरं असेलही, पण तो नियम ज्या भीतीपोटी झाला ती भीती लांब केसांच्या परक्या तरुणांची होती, याबद्दल मला शंका नाही. गावं अशा वेळी मनातलं बोलत नाहीत, उपविधी काढतात.

आता हातात उरला बरोबर एक महिना. एवढ्या अवधीत नवी जागा, रस्ते, वीज, पाणी, संडास, ध्वनिव्यवस्था, रंगमंच आणि कुंपण! पुढे जे काही घडलं, वाईट आणि चांगलं, त्याचं मूळ या गेलेल्या महिन्यात आहे.

यासगर

या प्रकरणातला माझ्या लेखी सर्वांत मोठा माणूस रंगमंचावर फक्त काही मिनिटं उभा राहिला. मॅक्स यासगर, वय ४९, हृदयविकाराचा रुग्ण, सलिव्हन काउंटीतला सर्वांत मोठा दूध उत्पादक. सहाशे एकरांची शेतवाडी. त्यातलं एक कुरण ओंजळीसारखं होतं, तिन्ही बाजूंनी उतरत खाली तळ्याकडे जाणारं. वर कुठेही बसा, खालचं दिसतं आणि ऐकू येतं.

यासगर काही हिप्पी नव्हता. विचारांनी जुन्या वळणाचा, व्हिएतनाम युद्धाला पाठिंबा देणारा, पैशाच्या व्यवहारात चोख. कुरणाचं भाडं त्याने नीट ठरवून घेतलं. पण गावात विरोध सुरू झाला, ‘यासगरचं दूध घेऊ नका’ अशी पाटी लागली, आणि ती पाटी पाहिल्यावर त्याचा निश्चय पक्का झाला, असं त्याच्या पत्नीने पुढे सांगितलं. गावच्या सभेत त्याने मांडलेला मुद्दा साधा होता. या पोरांचं राहणं-वागणं मलाही आवडत नाही, पण त्यांना असं वागता यावं म्हणूनच तर या देशाच्या सैनिकांनी युद्धात जीव दिले.

गर्दी वाढली तसे आसपासचे काही जण पाणी विकू लागले. यासगरला हे कळलं तेव्हा तो संतापला. पाण्याचे पैसे कसे घेता येतात? त्याने आपल्या गोठ्यावर ‘पाणी फुकट’ अशी मोठी पाटी लावली. घरातलं दूध वाटलं, पाणी भरून न्यायला दुधाच्या बाटल्या दिल्या. ही पाटी लक्षात ठेवावी. तीस वर्षांनी तिची गरज पुन्हा पडणार होती, आणि तेव्हा ती लावणारा कोणी नव्हता.

तीन दिवसांचे चार

गावाला सांगितलेला आकडा होता पन्नास हजार. आगाऊ तिकिटं विकली गेली होती १,८६,०००. आले चार लाखांहून अधिक. तीन दिवसांचं तिकीट आगाऊ १८ डॉलर, दारावर २४ डॉलर. पण दारच नव्हतं. शुक्रवारी आयोजकांनी जे आधीच घडून गेलं होतं ते जाहीर केलं: कार्यक्रम सर्वांना विनामूल्य आहे.

बेथेलकडे येणारे रस्ते मैलोन्‌मैल तुंबले. लोकांनी गाड्या जागेवर सोडल्या आणि चालू लागले. कलाकारांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं. पहिला बँड ठरल्या वेळी पोचला नाही म्हणून रिची हेवन्सला पाच वाजून गेल्यावर उभं केलं. मागून कोणी येईना म्हणून त्याला पुन्हा पुन्हा गाणं लांबवायला सांगत राहिले. गाठीशी असलेली गाणी संपली तेव्हा त्याने ‘फ्रीडम’ हा एकच शब्द धरून एका जुन्या आध्यात्मिक गीताच्या आधाराने तिथल्या तिथे गाणं रचलं. ध्वनिचित्रफितीत आज दिसतो तो त्याचा घामाने पाठीला चिकटलेला अंगरखा आणि लाकडी फळीवर पडणारा पाय. त्या पावलाचा ठेका हाच तिथला तालवाद्यमेळ. तुटपुंज्या व्यवस्थेने कलावंताकडून काय काढून घेतलं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

त्यानंतर स्वामी सच्चिदानंद बोलले. कोइमतूरकडचे, हृषीकेशच्या स्वामी शिवानंदांचे शिष्य. लांब दाढीचा भगव्या वस्त्रांतला हा संन्यासी रंगमंचावर बसून नादाबद्दल बोलत होता आणि समोर लाखोंचा उतार शांत होता. भारताचं या प्रकरणातलं पहिलं पाऊल ते. दुसऱ्या पावलाकडे थोड्या वेळाने येतो.

सुरक्षेसाठी न्यूयॉर्क शहरातले काहीशे पोलीस सुट्टीच्या वेळात येणार होते. आयत्या वेळी त्यांच्या वरिष्ठांनी मनाई केली. मग उरले ते ‘हॉग फार्म’ नावाच्या कम्यूनचे, म्हणजे एकत्र राहणाऱ्या गटाचे लोक, ज्यांना न्यू मेक्सिकोहून विमानाने आणलं होतं. त्यांचा म्होरक्या ह्यू रॉमनी, जो पुढे वेव्ही ग्रेव्ही या नावाने ओळखला गेला. या लोकांनी स्वतःला ‘पोलीस फोर्स’ऐवजी ‘प्लीज फोर्स’ म्हणवून घेतलं. हुकूम नाही, विनंती.

खाण्याचे स्टॉल लवकरच आटले. जे उरले त्यांनी भाव वाढवले, आणि चिडलेल्या लोकांनी त्यातले काही पेटवले. हे सांगितलंच पाहिजे, कारण १९६९ला राग नव्हताच असं चित्र खोटं आहे. पण त्याच वेळी हॉग फार्मच्या लोकांनी ओट्स आणि गव्हाचा रवाळ भरडा शिजवून, कागदी पेल्यांतून थेट उतारावर बसलेल्यांच्या हातात द्यायला सुरुवात केली. मॉन्टिसेलोच्या ज्यू समाजकेंद्रातल्या बायकांनी हजारोंनी सँडविच बनवून पाठवले. ज्या काउंटीत दुधावर बहिष्काराची पाटी लागली होती त्याच काउंटीतल्या स्वयंपाकघरांतून उकडलेली अंडी आणि पाव बाहेर पडत होते. आपल्याकडे वारीच्या वाटेवरच्या गावांना ही सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. बेथेलने ती एका रात्रीत लावून घेतली.

आणखी एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. अमली पदार्थ घेऊन भेदरलेल्यांसाठी वेगळा तंबू होता. डॉक्टरांचा कल अशांना गुंगीचं इंजेक्शन देण्याकडे. हॉग फार्मच्या लोकांची रीत निराळी. ते त्या माणसाजवळ बसायचे, हात धरायचे, त्याला त्याचं नाव विचारायचे, आणि हे उतरेल, नक्की उतरेल असं सांगत राहायचे. तो भानावर आला की त्याला लगेच जाऊ द्यायचे नाहीत. दारातून पुढचा भेदरलेला आत येत असायचा. याला म्हणायचे, हा बघ, काही तासांपूर्वी तू असाच होतास; आता डॉक्टर तू. आणि तो बसायचा. रुग्णालाच शुश्रूषेला बसवण्याच्या या साखळीवर त्या तंबूचं काम चाललं. आज मोठ्या महोत्सवांत असा तंबू असणं ही सामान्य गोष्ट झाली आहे. वुडस्टॉकच्या वारशात गाण्यांच्या खालोखाल मी हा तंबू धरतो.

राज्यपाल नेल्सन रॉकफेलर दहा हजार नॅशनल गार्ड पाठवायच्या तयारीत होते. रॉबर्ट्सने त्यांना तसं न करण्याची गळ घातली आणि ते थांबले. बंदुका घेतलेली माणसं त्या चिखलात उतरली असती तर आज आपण कशाबद्दल बोलत असतो, कोण जाणे. लष्करी हवाई तळावरून हेलिकॉप्टरं आली ती मात्र डॉक्टर आणि औषधं घेऊन.

मृत्यूही झाले. सतरा वर्षांचा एक मुलगा स्लीपिंग बॅगमध्ये झोपला असताना ट्रॅक्टरखाली सापडला. अमली पदार्थानेही जीव घेतला. शांततेचे तीन दिवस म्हणताना ही घरं नजरेआड करू नयेत.

रविवारी वादळी पावसाने कार्यक्रम तासन्‌तास बंद पडला. म्हणून शेवटचा कलाकार जिमी हेन्ड्रिक्स सोमवारी सकाळी वाजवायला आला. तोवर बहुतेक लोक कामावर, घरी निघून गेले होते. विखुरलेल्या चपला, भिजलेली अंथरुणं आणि कचरा यांच्यासमोर, स्वतः एके काळी पॅराट्रूपर असलेल्या या कृष्णवर्णी कलावंताने अमेरिकेचं राष्ट्रगीत गिटारवर वाजवलं, आणि त्यात मध्येच बॉम्ब पडल्याचे, किंकाळ्यांचे आवाज काढले. अनेकांना तो अवमान वाटला. पुढे टीव्हीवर त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला की मला ते सुंदर वाटलं. त्या वर्षी व्हिएतनाममध्ये अकरा हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक मेले. ते राष्ट्रगीत मी त्या आकड्याशेजारी ठेवून ऐकतो.

रविशंकर, अल्लारखाँ आणि पाऊस

शुक्रवारी रात्री पंडित रविशंकर बसले. तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ, तानपुऱ्यावर माया कुलकर्णी. अल्लारखाँ मुंबईकर, हिंदी चित्रपटांना ए. आर. कुरेशी या नावाने संगीत दिलेले, आणि माहीमच्या घरात झाकीरला तालाचे बोल शिकवणारे. वुडस्टॉकच्या त्या फळ्यांवर तानपुरा जुळवायला एक कुलकर्णी आडनावाची बाई होती, ही गोष्ट मराठीत फारशी सांगितली जात नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. पुरिया धनाश्री वाजला, मांज खमाज वाजला, आणि वर पाऊस लागला.

रविशंकरांना ते आवडलं नाही, आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. चिखलात बसलेला तो समुदाय पाहून आपल्याला भारतातल्या चिखलात डुंबणाऱ्या म्हशी आठवल्या, असं ते पुढे सांगत. संगीत तिथे निमित्तमात्र होतं, मुख्य गोष्ट मौजेची होती, असं त्यांचं मत. दोन वर्षांपूर्वी, १९६७च्या जूनमध्ये, माँटेरेच्या महोत्सवात त्यांना एक अख्खी दुपार मिळाली होती. श्रोत्यांना त्यांनी धूम्रपान करू नका अशी विनंती केली होती आणि ती पाळली गेली होती. वुडस्टॉकनंतर अशा रॉक महोत्सवांपासून ते दूर राहिले.

हा आक्षेप पुष्कळदा मजेदार किस्सा म्हणून सांगितला जातो. मला तो या प्रकरणातला सर्वांत गंभीर आक्षेप वाटतो. ज्याने बैठकीचं गाणं ऐकलंय त्याला ठाऊक आहे की आलापाला शांतता लागते, कलाकाराला समोरच्याची मान हललेली दिसावी लागते. कुंपण नसलेल्या कुरणात सगळे आत आले. पण सगळे आत आल्यावर ऐकणं उरतं का, हा रविशंकरांचा प्रश्न होता. वुडस्टॉकने भारतीय संगीताला जगाच्या कानावर घातलं असं आपण अभिमानाने म्हणतो. ज्याने ते वाजवलं तो मात्र घरी विषण्ण होऊन परतला. दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

आणि तरी याच रविशंकरांनी दोन वर्षांत, १ ऑगस्ट १९७१ रोजी, बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनला हाताशी धरून न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मैफल घडवून आणली. मोठा समुदाय, रॉकचे तारे, भारतीय वाद्यं, सगळं तेच. फरक एवढाच की या वेळी जमण्याला कारण होतं. मदतीसाठी होणाऱ्या महामैफलींची पुढची सगळी परंपरा तिथून निघाली. चिखलातला अनुभव त्यांनी टाकून दिला नाही, तो त्यांनी शिस्तीत बसवला, असं मी मानतो.

हॉग फार्मचाही धागा इकडेच येतो. वेव्ही ग्रेव्ही १९७८मध्ये ‘सेवा फाउंडेशन’च्या संस्थापकांपैकी एक झाला. बरोबर होते लॅरी ब्रिलियंट, भारतात देवी या रोगाच्या निर्मूलनासाठी जागतिक आरोग्य संघटनेकडून राबलेले डॉक्टर, आणि मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाचे डॉ. वेंकटस्वामी. या संस्थेचं काम अंधत्व टाळण्याचं आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचं. कागदी पेल्यात ओट्स वाढणारे हात इथवर पोचले. संस्थेचं नाव आपल्या शब्दकोशातलं आहे, हे वाचून मला बरं वाटतं.

तोटा कोणी भरला

कार्यक्रम संपला तेव्हा रॉबर्ट्स आणि रोझनमन यांच्या डोक्यावर दहा लाखांहून अधिक डॉलरचं कर्ज होतं. त्यांनी दिवाळखोरी जाहीर केली नाही; रॉबर्ट्सच्या घरच्या पैशातून देणी चुकती केली. लँग आणि कॉर्नफेल्ड भागीदारीतून बाहेर पडले. हिशेब बरोबरीला यायला १९८० उजाडलं.

तो आला चित्रपटामुळे. मायकल वॉडली याच्या पथकाने चिखलात उभं राहून सगळं टिपलं होतं. वॉर्नर ब्रदर्सने तो माहितीपट मार्च १९७०मध्ये आणला. तीन तासांहून लांब, पडदा दोन-तीन भागांत विभागलेला. संकलन करणाऱ्यांत थेल्मा स्कूनमेकर आणि तरुण मार्टिन स्कॉर्सेसी. त्याला ऑस्कर मिळालं आणि त्याने कोट्यवधी डॉलर कमावले.

वारसा म्हणून आपण ज्याला ओळखतो तो मोठ्या प्रमाणात संकलनाच्या टेबलावर तयार झाला, हे विसरता कामा नये. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल आणि ग्रेटफुल डेड या दोन्ही बँडनी तिथे वाजवलं, पण मूळ चित्रपटात त्यांचे कार्यक्रम नाहीत; म्हणून दोन पिढ्यांच्या आठवणीतही ते नाहीत. सँटानाचा पहिला अल्बम त्याच महिन्यात बाजारात येत होता. पडद्यावरच्या त्या काही मिनिटांनी त्यांचं नाव घरोघरी नेलं. गायिका जोनी मिचेल तर तिथे गेलीच नव्हती. टीव्हीवरच्या मुलाखतीला वेळेत पोचता यावं म्हणून ती न्यूयॉर्कमध्ये थांबली, बातम्या पाहत राहिली, आणि तिने लिहिलेलं गाणं त्या तीन दिवसांची सर्वांत टिकाऊ ओळख ठरलं. जे आत नव्हते त्यांनीही हा वारसा घडवला.

वृत्तपत्रांचंही तसंच. न्यूयॉर्क टाइम्सने १८ ऑगस्टला अग्रलेख लिहिला, मथळा ‘कॅट्सकिल्समधलं दुःस्वप्न’ (कॅट्सकिल्स हा बेथेलकडचा डोंगराळ भाग). दुसऱ्याच दिवशी त्याच स्तंभाचा सूर बराच निवळला. एका रात्रीत वस्तुस्थिती बदलली नव्हती. चार लाख पोरं दंगा न करता घरी पोचली, आणि त्यांच्या आयांनी सुटकेचा श्वास सोडला, एवढंच.

यासगरला काय मिळालं? शेजाऱ्यांनी नुकसानभरपाईचे दावे लावले. गावातल्या जुन्या ओळखी तुटल्या. पुढच्या वर्षी पुन्हा कुरण देता का, असं विचारणाऱ्यांना त्याने नकार दिला. मला माझा दुधाचा धंदा करू द्या, म्हणाला. १९७१मध्ये त्याने शेतवाडी विकली आणि १९७३मध्ये तो फ्लोरिडात वारला.

कुंपणं परत उभी राहतात

चारच महिन्यांत, ६ डिसेंबर १९६९ रोजी, कॅलिफोर्नियातल्या आल्टामॉन्टच्या मोटार शर्यतीच्या मैदानावर असाच विनामूल्य कार्यक्रम झाला. बंदोबस्ताला होते हेल्स एंजल्स या मोटारसायकल टोळीचे लोक. रोलिंग स्टोन्स वाजवत असताना त्यांच्यातल्या एकाने मेरेडिथ हंटर या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णी तरुणाला भोसकून मारलं. तिथेही कुंपण नव्हतं. म्हणजे नुसतं कुंपण नसणं पुरेसं नाही. त्या जागी कोण उभं राहतं यावर सगळं ठरतं. बेथेलला तिथे ओट्सचा पेला घेतलेला माणूस होता.

सरकारं यातून आपापल्या परीने शिकली. मोठ्या जमावासाठी वेगळे परवाने, पाणी-संडासांची प्रमाणं, वैद्यकीय पथकं, विमा असे नियम ठिकठिकाणी आले. १९७०मध्ये कनेक्टिकटच्या पाऊडर रिजचा महोत्सव न्यायालयाच्या मनाईने अडला, तरी हजारो लोक येऊन बसलेच. नियम आले ते बरंच झालं. ट्रॅक्टरखाली सापडलेल्या मुलासाठी ते आधी असायला हवे होते.

लोण आपल्याकडेही आलं. १९७१मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला ‘स्नेहयात्रा’ नावाचा खुल्या मैदानातला रॉक महोत्सव झाला, ज्याला आजही भारताचं वुडस्टॉक म्हणतात. गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर हिप्पींनी बस्तान बसवलं आणि तिथल्या चांदण्यातल्या मेजवान्यांतून पुढे वेगळंच संगीत निघालं. तो स्वतंत्र विषय आहे.

पंचवीस वर्षांनी, १९९४मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्याच सॉगर्टीजला पुन्हा वुडस्टॉक भरवलं. शीतपेयांचे प्रायोजक, १३५ डॉलरचं तिकीट. पाऊस आला, चिखल झाला, लोक कुंपण ओलांडून आत घुसले. निभावलं.

१९९९ला निभावलं नाही. जागा होती न्यूयॉर्क राज्यातल्याच रोम या शहरातला बंद पडलेला हवाई दलाचा तळ. गवताऐवजी काँक्रीट आणि डांबर, पारा अडतीस अंशांच्या आसपास, सावली नाही. तिकीट १५० डॉलर, पाण्याची बाटली चार डॉलर. नळांपुढे रांगा, तुंबलेली शौचालयं, त्यांचं पाणी चिखलात मिसळलेलं. आणि या वेळी कुंपण पक्कं होतं, लाकडी फळ्यांचं, उंच, त्यावर शांततेची चित्रं रंगवलेली. त्याचं नाव ‘पीस वॉल’. शेवटच्या रात्री शांततेसाठी म्हणून लोकांना मेणबत्त्या वाटल्या. त्या मेणबत्त्यांनी लोकांनी होळ्या पेटवल्या आणि त्यात घातल्या त्या याच भिंतीच्या उखडलेल्या फळ्या. ट्रेलर जळाले, दुकानं लुटली गेली. सर्वांत वाईट म्हणजे त्या गर्दीत स्त्रियांवर बलात्कार आणि अत्याचार झाले. त्याला उष्णता किंवा महाग पाणी हे उत्तर होऊ शकत नाही. ज्यांनी केलं त्यांनी ते केलं, आणि ज्यांनी ती जागा चालवली त्यांनी बायकांच्या सुरक्षिततेचा विचार पैशाच्या नंतर केला.

तरीही पाण्याच्या बाटलीकडे माझं लक्ष पुन्हा पुन्हा जातं. १९६९मध्ये एका दूधवाल्याने विचारलं होतं, पाण्याचे पैसे कसे घेता? १९९९मध्ये हा प्रश्न विचारण्याचा अधिकार असलेला कोणीही माणूस तिथे नव्हता. नाव वुडस्टॉकचं होतं, कबुतर आणि गिटारचं चिन्हही तेच होतं. त्यात यासगर नव्हता.

२०१९च्या पन्नासाव्या वर्षासाठी लँगने शेवटचा प्रयत्न केला. पैसा घालणारी कंपनी एप्रिलमध्ये बाहेर पडली. जागा एकामागून एक हातच्या गेल्या. शेवटी गोष्ट दुसऱ्या राज्यात, मेरीलँडला नेण्यापर्यंत आली, आणि ३१ जुलैला कार्यक्रम रद्द झाला. १९६९ची जागाही अशीच महिनाभर आधी गेली होती. पण तेव्हा गावच्या सभेत उठून बोलणारा शेतकरी मिळाला होता. या वेळी होते ते करार. लँग जानेवारी २०२२मध्ये गेला.

उतार

मग वारसा आहे कुठे? माझं उत्तर साधं आहे: त्या उतारावर. १९८४मध्ये तिथे एक छोटं स्मारक बसवलं गेलं, आणि लोक आपापले येत राहिले. नव्वदच्या दशकात ॲलन गेरी या त्याच भागातल्या केबल उद्योजकाने जमीन विकत घेतली. २००६मध्ये तिथे बेथेल वुड्स कलाकेंद्र सुरू झालं, २००८मध्ये संग्रहालय. संग्रहालयासाठी दहा लाख डॉलरची सरकारी तरतूद सुचवली होती, ती सिनेटमध्ये नामंजूर झाली. हिप्पींच्या आठवणींवर जनतेचा पैसा कशाला, असा सूर होता. खाजगी पैशावर काम पुरं झालं. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की नवं प्रेक्षागृह मूळ कुरणावर बांधलं नाही, बाजूला बांधलं. ओंजळीसारखा तो उतार मोकळा ठेवला. २०१७मध्ये ती जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत गेली.

ध्वनीचंही काम त्याच निष्ठेने झालं. २०१९मध्ये ३८ सीडींचा संच निघाला, सुमारे छत्तीस तासांचा, प्रती १,९६९. चित्रपटाने गाळलेलं जवळजवळ सगळं त्यात आहे: सूचना, खोळंबे, हरवलेल्यांच्या हाका, आणि पावसातले रविशंकर-अल्लारखाँही.

त्याच्या आदल्या वर्षी, २०१८च्या उन्हाळ्यात, बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाच्या लोकांनी त्या कुरणात खणलं. रंगमंच नेमका कुठे होता याची खूण जमिनीवर उरली नव्हती, आणि पाहायला येणाऱ्यांना ती जागा दाखवता यावी अशी कलाकेंद्राची इच्छा होती. त्यांना मिळालं ते थोडंसंच: पेयांच्या डब्यांच्या ओढून काढायच्या कड्या, फुटक्या बाटल्यांच्या काचा. आणि एका बाजूला, मातीत, रंगमंचाजवळ गर्दी अडवायला घातलेली लाकडी भिंत आणि जाळीचं कुंपण जिथे एकमेकांना मिळत होतं ती जागा. चारी बाजूंनी जे घालायचं होतं त्यातलं जे काही थोडं उभं राहिलं, त्यातला हा तुकडा. त्यावरून मोजून आता सांगता येतं की गाणारे इथे उभे होते, आणि इथून मान वर केली की तो सगळा उतार दिसतो.